कच्ची वीट, गरम हवा आणि आमचं मॉडेल

सुरुवातीलाच कबूल करते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठी विभागासाठी लेख मागितला तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले होते. संपादक मंडळातल्या मैत्रिणीने शब्दकोश हातात दिला आणि म्हणाली, लिही. त्यात ‘डिफ्युजन’ला ‘विसरण’ असा शब्द सापडला. मला वाटलं विसरणे यावरून आला असेल, आणि सेमिस्टर संपल्यावर डिफ्युजनचं नेमकं तेच होतं, म्हणून शब्द फार आवडला. नंतर कळलं की विसरण म्हणजे पसरणं. असो. चुकलंमाकलं सांभाळून घ्या, कारण विषय खरंच चांगला आहे. वीट.

थर्ड इयरच्या मिनी प्रोजेक्टसाठी सरांनी एकच अट घातली होती. विषय इंटरनेटवरून उचलायचा नाही, कॉलेजपासून सायकलवर जाता येईल अशा ठिकाणचा पाहिजे. आम्ही चौघी. हॉस्टेलमधून सायकलवर जाता येईल अशा ठिकाणी दोन ढाबे, एक पेट्रोल पंप आणि परळीकडे जाणाऱ्या रस्त्याला एक वीटभट्टी. ढाब्यांवर प्रोजेक्ट होईना, म्हणून वीटभट्टी.

तिथे पहिल्या दिवशी जे दिसलं ते असं. एक नवराबायको पहाटेपासून चिखल मळून साच्यात विटा थापतात. थापलेली वीट जमिनीवर आडवी पडलेली असते. एक-दोन दिवसांनी ती उभ्या कडेवर फिरवतात, मग जाळीसारखी रचून ठेवतात, आणि आठवड्याभराने ती भट्टीत जायला तयार होते. मजुरी हजारी, म्हणजे हजार विटांमागे. पण मोजणीत धड वीटच धरतात. तडकलेली धरत नाहीत, पावसात भिजून लोळागोळा झालेली तर नाहीच नाही. सीझन सुरू व्हायच्या आधी घेतलेली उचल या हजारांतूनच फेडायची असते. म्हणजे वीट वाळायला लागणारा तो आठवडा त्या कुटुंबाच्या जोखमीचा असतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपीट झाली तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते, आणि गारा वेचायला मिळाल्या म्हणून आम्ही खूष होतो. ती गारपीट उघड्यावर रचलेल्या कच्च्या विटांवर पडली तर काय होत असेल हा विचार मला या वर्षी पहिल्यांदा आला.

आम्हाला लगेच उपाय सुचला. इंजिनिअर ना आम्ही! गरम हवेचा ड्रायर बनवायचा. आठवड्याचं काम एका दिवसात. वीट सकाळी थापली, संध्याकाळी वाळली, पाऊस आला काय आणि गेला काय. टायटल पण ठरलं, ग्रुपचं नाव पण ठरलं. प्रयोग म्हणून सहा ताज्या विटा पाटीत घालून आणल्या आणि सॉइल लॅबच्या ओव्हनमध्ये ठेवल्या. सिव्हिलवाल्यांना तो ओव्हन माहीत आहे. मातीतलं पाणी मोजण्यासाठी तो १०५ ते ११० अंशांवर लावलेला असतो. दोन तासांनी दार उघडलं तर सहाच्या सहा तडकलेल्या. एकीचा तर कोपरा सुटून खालच्या ट्रेमध्ये पडला होता. लॅब असिस्टंट काका काही बोलले नाहीत. फक्त झाडू आणून आमच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी भट्टीवर जाऊन सांगितलं तर तिथल्या मावशी हसायलाच लागल्या. “अगं पोरी, वल्ली वीट तापल्या हवेत ठिवली तर तडकंलच की. आम्ही तर वारं सुटलं तरी तिच्यावर पाचट टाकतो.”

मग प्रोजेक्टचा प्रश्न बदलला. वीट लवकर कशी वाळवायची हा प्रश्नच नव्हता. किती लवकर वाळवली तर ती तडकत नाही, हा होता.

आता थोडी थिअरी. कंटाळू नका, हॉस्टेलच्या दोरीवरच्या कपड्यांपासून सुरू करते. ओला टॉवेल वाळत घातला की बराच वेळ तो सगळीकडे सारखाच ओला आणि गार लागतो. त्या वेळात पाणी किती वेगाने उडतं हे टॉवेलवर अवलंबून नसतं, हवेवर असतं. हवा किती गरम, किती कोरडी, वारा किती. पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर कायम असतो, त्यामुळे उडण्याचा वेगही कायम राहतो. पुढे एक वेळ अशी येते की आतलं पाणी पृष्ठभागाला पुरं पडत नाही. तिथून वेग कमी कमी होत जातो, आणि आता हवेपेक्षा आतली वाट महत्त्वाची ठरते. या दोन अवस्था विटेलाही तशाच लागू आहेत. डब्ल्यू. के. लुईस यांनी १९२१ मध्ये घन पदार्थांच्या वाळण्याच्या वेगावर लिहिलं, आणि टी. के. शेरवूड यांनी १९२९ पासून लिहिलेल्या लेखमालेत या अवस्था नीट वेगळ्या करून मांडल्या. केमिकलवाल्यांच्या पुस्तकात मास ट्रान्सफरच्या धड्यात येणारा ‘शेरवूड नंबर’ याच माणसाच्या नावाचा.

पहिल्या अवस्थेत विटेचं तापमान किती असेल? मी ओरलमध्ये हा प्रश्न मैत्रिणींना विचारला, सगळ्या म्हणाल्या हवेइतकं, चाळीस. चूक. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी हवा ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के धरा. अशा हवेत ओल्या कापडाने गुंडाळलेला थर्मामीटर साधारण २२ अंश दाखवतो. सावलीतली ओली वीटही तिथेच असते. यात आश्चर्य काही नाही, मेसच्या दारातला माठ तेच करतो. ओली वीट म्हणजे पाणी बाहेर सोडणारा माठच. हवेकडून येणारी सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते, वीट तापायला काही उरतच नाही.

म्हणजे हवा आणि वीट यांत १८ अंशांचा फरक. मंद वाऱ्यात एका चौरस मीटरला एका अंशामागे साधारण १५ वॉट उष्णता मिळते असं धरलं, तर १८ गुणिले १५ म्हणजे २७० वॉट. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २४ लाख ज्यूल लागतात. भागाकार केला की उत्तर येतं, चौरस मीटरमागे तासाला सुमारे ४०० ग्रॅम पाणी. नऊ इंच लांब, चार इंच रुंद, तीन इंच जाड वीट जमिनीवर आडवी पडली असेल तर तिचा उघडा पृष्ठभाग चौरस मीटरच्या चौदाव्या भागाइतका. म्हणजे तासाला साधारण २९ ग्रॅम, आपल्या मेसच्या चहाच्या अर्ध्या कपापेक्षाही कमी. हा सावलीतला हिशोब. थेट उन्हात वीट तीस अंशांपर्यंत तापते आणि वरच्या बाजूचा वेग दुपटीच्या वर जातो.

ताजी वीट साधारण ३.४ किलोची धरू. त्यात कोरडी माती २.७ किलो आणि पाणी ७०० ग्रॅम. कोरड्या मातीच्या तुलनेत पाणी २६ टक्के. या सातशे ग्रॅममधला पहिला साधारण निम्मा भाग आणि उरलेला भाग यांचं वागणं पूर्ण वेगळं आहे, आणि विटेचं भवितव्य पहिल्या भागातच ठरतं.

कारण आकुंचन. मातीचे कण चपट्या पापडासारखे असतात आणि सुरुवातीला प्रत्येक दोन पापडांमध्ये पाण्याचा थर असतो. पाणी गेलं की कण जवळ येतात, वीट तेवढी लहान होते. ज्या क्षणी कण एकमेकांना टेकतात त्यानंतर पाणी गेलं तरी वीट जवळजवळ लहान होत नाही, पाण्याच्या जागी फक्त हवा शिरते. सिरॅमिकवाले हे ज्या आलेखावर दाखवतात त्याला बिगो कर्व्ह म्हणतात. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला लांबी. सुरुवातीला तिरकी रेघ, मग सपाट. तिरकी रेघ चालू असेपर्यंत धोका, सपाट झाली की सुटलो. हा बदल आमच्या मॉडेलमध्ये आम्ही १४ टक्क्यांवर धरला आहे. मातीप्रमाणे तो बदलतो.

आपल्या काळ्या मातीत हे प्रकरण फारच गंभीर आहे. बालाघाटच्या बेसाल्टपासून बनलेल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. त्याच्या पापडांच्या आतसुद्धा पाणी शिरतं, त्यामुळे ती फुगतेही खूप आणि आक्रसतेही खूप. मे महिन्यात काळ्या रानात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याचमुळे. नांगरलेलं रान म्हणजे न थापलेली एक मोठी वीट आणि वर गरम हवा, प्रयोग तोच. जुने लोक गावाच्या जागेला ‘पांढरी’ आणि शेताला ‘काळी’ म्हणायचे आणि घराच्या भिंतीला, माळवदाला पांढरी माती वापरायचे. काळी माती पिकाला, पांढरी घराला. आक्रसण्याच्या दृष्टीने बघितलं तर ही निवड अगदी बरोबर आहे, आणि त्यासाठी त्यांना एक्स-रे डिफ्रॅक्शन करावं लागलं नव्हतं.

आता खरी गोष्ट. वीट नुसती आक्रसली तर तडकत नाही. सगळी वीट एकदम, सारखी आक्रसली तर ती फक्त लहान होते. बाहेरचा थर आधी आक्रसतो आणि आतला गाभा अजून फुगलेला असतो तेव्हा ती तडकते. बाहेरच्या थराला लहान व्हायचं आहे, पण आतला त्याला होऊ देत नाही. लहान झालेला शर्ट घालून पोटभर जेवलं की बटणाचं जे होतं तेच. म्हणून आतलं पाणी आणि पृष्ठभागावरचं पाणी यांत किती फरक आहे तेवढंच बघायचं.

तो फरक काढायला फिकचा नियम पुरतो. जर्मन शास्त्रज्ञ अॅडॉल्फ फिक यांनी १८५५ मध्ये मांडला तो. पाणी जास्त ओलीकडून कमी ओलीकडे सरकतं आणि सरकण्याचा वेग उताराइतका असतो. उतार किती तीव्र हवा हे मातीवर अवलंबून, आणि मातीचा तो गुणधर्म म्हणजे विसरण गुणांक. दोन्ही बाजूंनी वाळणाऱ्या विटेसाठी गणित केलं की असं साधं सूत्र मिळतं:

गाभा आणि पृष्ठभाग यांतला फरक = (पाणी उडण्याचा वेग × अर्धी जाडी) ÷ (२ × कोरड्या मातीची घनता × विसरण गुणांक)

डेरिव्हेशन अर्ध्या पानाचं आहे, ज्यांना हवं त्यांनी माझ्याकडून घ्या. आकडे घालून बघू. उडण्याचा वेग आपण वर काढलाच, सेकंदाच्या हिशोबात ०.०००११ किलो. अर्धी जाडी दीड इंच, म्हणजे ३७.५ मिमी. घनता १५६५. ओल्या मातीचा विसरण गुणांक आम्ही १० चा उणे आठवा घात घेतला, चौरस मीटर दर सेकंदाला. चिकणमातीचे आकडे साधारण याच्या आगेमागे किंवा यापेक्षा कमी असतात. उत्तर येतं ०.१३. म्हणजे गाभ्यात पृष्ठभागापेक्षा १३ टक्के पाणी जास्त. याचा अर्थ नीट बघा. पृष्ठभाग १४ टक्क्यांवर येऊन त्याचं आक्रसणं संपलं तेव्हा गाभा २७ टक्क्यांवर, म्हणजे जवळजवळ ताज्या चिखलाइतका ओला. त्याने आक्रसायला सुरुवातच केलेली नाही. आणि ही सावलीतली, मंद वाऱ्यातली वीट आहे. ओव्हनमध्ये आमच्या सहा विटांचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको.

हे सूत्र समोर आलं तेव्हा मी हॉस्टेलच्या गॅलरीत बसले होते आणि मला एकदम मावशींचं पाचट आठवलं. सूत्रात वर ‘उडण्याचा वेग’ आहे. पाचट टाकलं की वारा आणि ऊन अडतं, पाचटाखालची हवा दमट राहते, वेग कमी होतो. वेग एक तृतीयांश झाला तर १३ चा फरक साडेचारच्या आत येतो. आणि पाचट त्या पहिल्या दिवशीच टाकतात, नंतर काढतात, कारण तिरकी रेघ संपली की फरकाने काही बिघडत नाही. मग वीट कडेवर का फिरवतात? ‘जाडी’. जमिनीवर आडवी पडलेली वीट खालच्या बाजूने वाळू शकत नाही, त्यामुळे पाण्याला तळापासून वरपर्यंत अख्खे तीन इंच चालावं लागतं. कडेवर उभी केली की दोन्ही बाजू उघड्या, वाट निम्मी, फरकही निम्मा. ती पहिल्याच तासाला का फिरवत नाहीत हे मी विचारलं तेव्हा मावशींनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी वहीत बघायला लागले. वल्ली वीट उचलली तर हातात येईल का? वाकेल ना.

आमच्या घरी उडदाचे पापड आजी सावलीत वाळवायची आणि कुरडया मात्र भर उन्हात. मला ते लहानपणी गूढ वाटायचं. पापड उन्हात घातला की वरची बाजू आधी आक्रसते आणि तो द्रोणासारखा वळतो. फार पातळ असल्यामुळे तडकायच्या ऐवजी वाकतो, एवढाच फरक. कुरडईचं बरं असतं, तिच्या शेवेला चारी बाजूंनी हवा लागते. (आजीला सूत्र दाखवायची माझी हिंमत नाही.)

सूत्रात खाली राहिला तो विसरण गुणांक, म्हणजे मातीच्या आतली वाट. ती मोकळी करण्याचा उपाय भट्टीवर समोर ढीग होऊन पडला होता आणि आम्ही पंधरा दिवस त्याला वळसा घालून जात होतो. राख. आपल्याकडे विटेच्या मातीत राख, भुसा, साखर कारखान्याचा बगॅस असं काहीतरी मिसळतात. आम्हाला वाटायचं की हे माती वाचवायला, किंवा भट्टीत आतून जळायला. तेही आहेच, बगॅस जळतो. पण राखेचा कण मातीच्या पापडासारखा चपटा नसतो आणि पाण्याने फुगत नाही. तो मध्ये आला की पाण्याला जायला मोकळी वाट मिळते आणि एकूण आक्रसणंही कमी होतं. परळीच्या औष्णिक वीज केंद्रामुळे या भागाला राखेची कमतरता कधी नव्हती. केंद्र सरकारने १९९९ मध्ये अधिसूचना काढून औष्णिक केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या वीटभट्ट्यांना मातीत वजनाने किमान २५ टक्के राख मिसळायला सांगितलं होतं. कारण राखेची विल्हेवाट आणि शेतातली वरची माती वाचवणं हे होतं. काळ्या मातीच्या विटेला त्याचा हा वाळण्यातला फायदा आपोआप झाला असणार. राखेच्या धुळीचा त्रास काय असतो ते मात्र परळीच्या मुलींना विचारा, आमच्या विंगेत दोघी आहेत.

आता कॉम्प्युटरचा भाग. वरचं सूत्र अंदाजापुरतं ठीक, पण प्रत्यक्षात हवा दिवसभर बदलते, विसरण गुणांक ओलीप्रमाणे बदलतो, म्हणून समीकरण तुकड्या-तुकड्याने सोडवावं लागतं. विटेच्या अर्ध्या जाडीचे दहा थर केले आणि प्रत्येक थरातलं पाणी पुढच्या क्षणी किती होईल ते शेजारच्या थरांवरून काढलं. प्रोग्राम लिहिला, एकेका तासाची पायरी घेतली आणि रन केला. सातव्या तासाला विटेत उणे चारशे टक्के पाणी! आठव्या तासाला अधिक नऊशे. आम्ही दोन रात्री चूक शोधली. प्रोग्राममध्ये चूक नव्हतीच. थराची जाडी पावणेचार मिमी, तिचा वर्ग भागिले विसरण गुणांकाची दुप्पट केली तर ७०० सेकंद येतात. या पद्धतीत वेळेची पायरी त्यापेक्षा मोठी घेतलीत तर उत्तर फुटणारच. आम्ही घेतली होती ३६०० सेकंदांची. न्यूमेरिकल मेथड्सच्या पेपरला ही अट मी तोंडपाठ लिहून मार्क मिळवले होते, विशेष काही वाटलं नव्हतं. आता दहा मिनिटांची पायरी घेतो, सगळं शांत आहे.

दुसरी अडचण जास्त मजेशीर होती. वीट आक्रसते, मग थरांची जाडी पण कमी होत जाते. ज्या जागेचं समीकरण मांडलं ती जागाच सरकते. यावर सरांनी एक युक्ती सांगितली. इंचाने मोजू नका, मातीने मोजा. पृष्ठभागापासून आत इतकी कोरडी माती, असं अंतर धरलं की वीट कितीही लहान झाली तरी माती तेवढीच राहते आणि थर जागचे हलत नाहीत. मला या सगळ्या प्रोजेक्टमध्ये सर्वात सुंदर वाटलेली गोष्ट ही आहे.

मॉडेलमध्ये काय नाही तेही सांगते. ते एकाच दिशेने वाळणारी वीट बघतं. खरी वीट कोपऱ्यावर तीन बाजूंनी वाळते, म्हणून भेग नेहमी कडेला सुरू होते. आमच्या ओव्हनमधला सुटलेला कोपरा आमच्या मॉडेलला दिसतच नाही. मातीची ताकद किती, म्हणजे किती फरकाला ती नक्की तडकेल, हेही त्यात नाही.

मग ड्रायरचं काय? गरम हवेची कल्पनाच चुकीची होती का? इथे मॉडेलने आम्हाला सगळ्यात मोठा धक्का दिला. हवा गरमच हवी, पण दमट. ६० अंशांची, ८० टक्के आर्द्रतेची हवा घ्या. त्या हवेत ओल्या विटेचं तापमान ५५ च्या आसपास जातं. हवा आणि वीट यांत फरक उरतो साडेचार अंशांचा, म्हणजे उडण्याचा वेग आपल्या एप्रिलच्या दुपारच्या चौथ्या हिश्शाला येतो. दुसरीकडे आतलं पाणी २२ ऐवजी ५५ अंशांवर असतं, आणि तापलेलं पाणी पातळ होतं. २० अंशांच्या तुलनेत ५५ अंशांना पाण्याची विष्यंदिता निम्मी असते, त्यामुळे मातीतून ते जवळजवळ दुप्पट सहज सरकतं. वरचा आकडा चौथा हिस्सा, खालचा दुप्पट. १३ चा फरक दोनच्या आत येतो. वीट आतबाहेर सारखीच आक्रसते. मग हळूहळू आर्द्रता उतरवत न्यायची, आणि तिरकी रेघ संपली की कितीही कोरडी, कितीही गरम हवा सोडा. मोठ्या कारखान्यांतले ड्रायर असेच चालतात, आणि त्यांना लागणारी गरम हवा भट्टीच्या थंड होणाऱ्या भागातून येते. आम्ही आमच्या ओव्हनमध्ये नेमकं उलटं केलं होतं.

दुसरी अवस्था तशी निवांत, पण लांब. पाणी कमी झालं की विसरण गुणांकही घसरतो आणि उरलेलं पाणी निघायला चार-पाच दिवस लागतात. इथे जाडीचा वर्ग लागतो. वीट दुप्पट जाड केली तर वेळ चौपट. शेजारच्या जिल्ह्यातल्या तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट आठवते का? थापटण्याने संतांच्या डोक्यावर टकटक करून मडकं पक्कं की कच्चं ते सांगणारी. भट्टीवरही विटेवर वीट वाजवून बघतात. आत ओल असेल तर आवाज बद्द येतो, आणि अशी वीट भट्टीत गेली की आतल्या वाफेने फुटते. वजन-काट्याशिवाय गाभ्यातली ओल ओळखायची ही पद्धत आम्हाला अजून मॉडेलमध्ये बसवता आलेली नाही.

ड्रायरचा खर्चही काढला, नाहीतर सर सोडतात थोडेच. एका विटेत ७०० ग्रॅम पाणी म्हणजे हजार विटांत ७०० किलो. त्याची वाफ करायला १७० कोटी ज्यूल. निम्मी उष्णता वाया जाते असं धरलं तर ३४० कोटी. साध्या कोळशाच्या हिशोबात जवळजवळ दोनशे किलो, फक्त वाळवायला. भाजायचा कोळसा वेगळा. सूर्य हे काम फुकट करतो. हा आकडा मावशींना सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, “मंग ते राहू दे. पावसाच्या आधी किती येळ पुरंल तेवढं सांग.”

म्हणून प्रोजेक्टचं टायटल पुन्हा बदललं. ड्रायर गेला. आता आम्ही दिवसाची हवा, आर्द्रता आणि वारा घालून पाचट किती तास ठेवायचं आणि किती तासांनी काढलं तर चालेल याचा तक्ता बनवतो आहोत. पाचट जास्त वेळ ठेवलं तर वीट सुरक्षित, पण उघड्यावर एक दिवस जास्त, आणि तेवढी पावसाची भीती जास्त. लवकर काढलं तर भेगा. आमच्या मॉडेलप्रमाणे आभाळ भरून आलेल्या दिवशी पाचटाची गरजच फार कमी असते, कारण हवा आधीच दमट असते. आणि नेमकं त्याच दिवशी वीट लवकर वाळून ताडपत्रीखाली जाणं महत्त्वाचं असतं. हे भट्टीवर सांगितलं तर तिथे दोन मतं पडली. मावशींना पटलं, त्यांच्या नवऱ्याला नाही. त्यामुळे मोजून बघण्याशिवाय इलाज नाही.

सबमिशन झाल्यावर सहा विटांवर हे मोजणार आहोत. तीन पाचटाखाली, तीन उघड्या, हॉस्टेलच्या गच्चीवर, दर दोन तासांनी वजन. मेसचा काटा पाच ग्रॅमपर्यंत बरोबर दाखवतो, मेसवाल्या काकांनी रात्री तो द्यायचं कबूल केलं आहे. रात्री दोनचं आणि पहाटे चारचं वजन घ्यायला अजून दोघी हव्या आहेत. चहा आमच्याकडून.